कॅसेटमधला हशा

२२ जुलै २०२१ ला महाडमध्ये सावित्रीचं पाणी चढलं, तेव्हा आत्याच्या तळमजल्यावरच्या घरात ते पंख्याला टेकलं होतं. पाणी उतरल्यावर मी आणि बाबा बिरवाडीहून फावडी, घमेली घेऊन गेलो. चिखल काढता काढता लोखंडी कपाटाखाली बुटांचा एक खोका सापडला. खोका कसला, लगदाच. आत पु. ल. देशपांड्यांच्या कॅसेटी. टेप बाहेर येऊन शेवयांसारख्या एकमेकींत अडकलेल्या. लेबलांवरची शाई धुऊन गेलेली. एकीवर फक्त 'म्है' एवढंच अक्षर शिल्लक होतं.

मला फार वाईट वाटलं. आत्याला नाही. म्हणजे त्या दिवशी वाईट वाटण्याच्या रांगेत कॅसेटींचा नंबर बराच मागे होता. "टाक त्या. यूट्यूबवर आहेत की सगळ्या," ती म्हणाली.

आहेत खऱ्याच. तीच 'म्हैस', तोच 'अंतू बर्वा', तेच 'रावसाहेब'. मागे कोणीतरी खोकतं तो खोकलासुद्धा तोच. विनोदाचे फॅन एकमेकांशी भांडतात तो मुद्दाही आत्याने एका वाक्यात संपवून टाकला होता: रेकॉर्डिंग असल्यावर बाकी काय लागतं?

मी पुण्यात आयटीत आहे. ऑफिसच्या कॅबमध्ये हा वाद महिन्यातून एकदा तरी होतो. एक गट म्हणतो, स्टँडअप लाइव्हच बघायचं, फोनवर बघणं म्हणजे फोटोतली बिर्याणी खाणं. दुसरा गट म्हणतो, सातशे-आठशेचं तिकीट काढून, पार्किंग शोधून, खांबामागे बसून तेच जोक ऐकायचे जे सहा महिन्यांनी फुकट येणार आहेत? तिसरा गट पु. लं.वाल्यांचा. त्यांना लाइव्ह मिळण्याची शक्यताच नाही, पु. ल. १२ जून २००० ला गेले. या गटातले बहुतेक जण त्यानंतर जन्मले किंवा माझ्यासारखे तेव्हा दुपट्यातून नुकते बाहेर आले होते. तरी ह्यांचीच मतं सगळ्यात ठाम. 'आता तसं कोणी करत नाही' हे वाक्य ह्यांचं.

मी तिन्ही गटांत राहून आलोय. म्हणून सांगतो, तिन्ही गट एक गोष्ट धरूनच चालतात की रेकॉर्डिंगमध्ये विनोद असतो. मला वाटतं, रेकॉर्डिंगमध्ये विनोदापेक्षा जास्त प्रेक्षक असतात. आणि ते प्रेक्षक म्हणजे आपण नसतो.

'म्हैस'चंच घ्या. कोकणातली एसटी, घाटरस्ता, गाडीखाली म्हैस येते आणि मग प्रवासी, कंडक्टर, पुढारी, पोलीस असा सगळा बाजार भरतो. ज्या कॅसेटी घराघरात पोचल्या त्या पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसच्या. त्यात पु. लं.चा आवाज आहे आणि भरलेल्या सभागृहाचा हशा आहे. तो हशा नुसता मागे वाजत नाही, तो शिकवतो. लहानपणी अर्धे शब्द मला कळत नव्हते. पण सभागृह हसलं की मी हसायचो, आणि हळूहळू माझं हसू त्या सभागृहाच्या अर्धा सेकंद मागे येऊन स्थिरावलं. आमच्या भाषेत सांगायचं तर सिंक झालं. आज मला 'म्हैस' पाठ आहे असं मी म्हणतो तेव्हा खरं म्हणजे हशासकट पाठ असते. विनोद कुठे आहे ते मला त्या सभागृहाने दाखवून ठेवलंय.

हे कृत्रिम नाही हे मान्य. अमेरिकेत १९५० च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या ध्वनिअभियंत्याने हशाची पेटीच बनवली होती. बटण दाबलं की हवं तसं हसू, खुदखुद ते गडगडाट. टीव्ही मालिकांमध्ये ते हसू वर्षानुवर्षं ओतलं गेलं. पु. लं.च्या कॅसेटीतली माणसं मात्र खरी होती, तिकीट काढून आली होती आणि खरोखर हसली होती. पण ती कोणत्या गावची, कोणत्या घरांतली, कशाला हसणारी होती, हा प्रश्न खरी असण्याने सुटत नाही.

हे मला उशिरा कळलं, लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला असताना. होस्टेलमध्ये माझा रूममेट नांदेडचा. त्याच्या हार्डडिस्कवर लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' होतं. मराठवाड्यातल्या खेड्यातली मंडळी लग्नाला विमानाने लंडनला जातात आणि एकटा माणूस बावन्न पात्रं उभी करतो, हे सगळ्यांना माहीत असतंच. सबमिशनच्या रात्री आम्ही ते लावायचो. पण आमचं हसू जुळायचं नाही. मी हसायचो तेव्हा तो शांत, तो लोळायचा तेव्हा मी 'काय म्हणाला?' विचारणार. बऱ्याच रात्री गेल्यावर लक्षात आलं. मी बोलीला हसत होतो, तो बोलण्याला हसत होता. 'असं बोलतात?' ही माझी गंमत. 'अरे, हा तर आमचा अण्णाच!' ही त्याची. शब्द एकच, फाइल एकच, पण खोलीत दोन वेगळे कार्यक्रम चालू होते.

मग मी त्याला 'म्हैस' ऐकवली. पारडं फिरलं. तो हेलांना हसला. मी म्हटलं, अरे ही गाडी रोज आमच्याकडून जाते.

'वऱ्हाड'बद्दल आणखी एक सांगतो. लक्ष्मण देशपांडे २००९ मध्ये गेले. पुढे संदीप पाठकने हा प्रयोग अंगावर घेतला, आणि घेणं सोपं नव्हतं. त्या प्रयोगाहून आलेल्या दोघातिघांशी मी बोललोय. प्रत्येकाचं पहिलं वाक्य: 'ओरिजिनलची मजा नाही.' मी विचारायचो, ओरिजिनल कुठे बघितलं? 'व्हीसीडीवर.' म्हणजे समोर घाम गाळणारा जिवंत माणूस ही नक्कल, आणि चकतीवरचं ते ओरिजिनल! व्हीसीडीतल्या देशपांड्यांनीसुद्धा एखादी जागा आदल्या दिवशी वेगळी घेतली असेल, थकले असतील, पुढच्या रांगेतल्या रडणाऱ्या पोरावर काहीतरी बोलले असतील. तीन तासांचा एकपात्री प्रयोग दर वेळी वेगळा होणारच. आपण त्यातली एक संध्याकाळ उचलली आणि तिचं मोजमाप बाकी सगळ्यांना लावत बसलो. फॅनचा हा आवडता अन्याय आहे. मीही तो पु. लं.च्या बाबतीत वर्षानुवर्षं केलाय. 'व्यक्ती आणि वल्ली' नाटकात अतुल परचुरे पु. ल. झाले, 'भाई'मध्ये सागर देशमुख झाला. दोन्ही वेळा मी मनात कॅसेट लावून बसलो होतो.

उलटंही घडतं. बॉब न्यूहार्ट नावाचा अमेरिकन विनोदवीर १९६० मध्ये पहिल्यांदा क्लबच्या स्टेजवर चढला तो रेकॉर्डिंगसाठीच. कंपनीने करार आधी केला होता, प्रेक्षकांसमोर उभं राहण्याचा अनुभव नंतर. तो अल्बम इतका चालला की वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी त्याला मिळालं. इकडे साधारण त्याच काळात पु. ल. 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर आणत होते. आकाशवाणीत नोकरी केलेला आणि पेटी वाजवणारा हा माणूस. माइकपासून किती लांब राहायचं आणि समेच्या आधी किती थांबायचं, दोन्ही त्याला ठाऊक. म्हणून ती रेकॉर्डिंगं आजही इयरफोनमध्ये ताजी वाटतात. लाइव्हवाल्या गटाने हे मान्य करायला हवं: काही माणसं स्टेज आणि माइक दोन्ही एकदम वाजवतात.

आता आत्याकडे परत येतो. पुरानंतर महिनाभराने ती बिरवाडीला आमच्याकडे राहायला होती. तिच्या घराचे पंचनामे झाले होते. आलेली माणसंही थकलेली, एका दिवसात शंभर घरं बघून त्यांचे डोळे मेलेले. काय काय गेलं, किती जुनं होतं, अंदाजे किंमत सांगा. एका रात्री लाइट होती, नेटही बरं होतं. बाबा म्हणाले, लाव रे ती 'म्हैस'. मी फोन पेल्यात उभा ठेवला, आवाज मोठा होतो म्हणून.

पंचनाम्याच्या भागापर्यंत सगळे नेहमीसारखे हसत होतो. तिथे आत्या सुटली. सभागृहाच्या आधी हसायला लागली. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत, उत्तर यायच्या आत. कॅसेटीतल्या लोकांना अजून कळलंच नव्हतं आणि आत्याच्या डोळ्यांत पाणी. ही कॅसेट तिने शेकडो वेळा ऐकलेली होती, तरी ती त्या जागी अशी कधी हसली नव्हती. आणि मग ज्याच्या म्हशीवरून हा सगळा गोंधळ चाललाय त्या मालकाचा भाग आला. सभागृह हसत होतं. आमच्या पडवीत कोणी हसलं नाही. मुद्दाम गप्प बसलं असंही नाही. हसू आलंच नाही, एवढंच. पेल्यातला फोन तेवढा हसत होता.

मी पु. लं.वर खापर फोडत नाहीये. उलट त्यांची बाजू तिथेच मजबूत होते. आत्याला तिच्या जागी हसता आलं कारण त्यांनी ती जागा रिकामी सोडली होती, ढकलून हसवलं नव्हतं. 'अंतू बर्वा' तर शेवटाकडे हसवणंच सोडून देतो. रत्नागिरीच्या त्या म्हाताऱ्याला घरात वीज नको असते, कारण उजेड आला की दारिद्र्य दिसेल. कॅसेटीत त्या भागात सभागृहही निवत जातं. आजच्या पु. ल. फॅनना अंतूचे टोमणे तोंडपाठ असतात, त्यांची रील बनतात. तो निवत गेलेला भाग कोणी रील करत नाही. तीस सेकंदांत शांतता कशी बसवणार? पण कॅसेट काढणाऱ्यांनी ती कापली नाही, म्हणून माझ्यापर्यंत पोचली.

हे कापाकापीचं मला चांगलंच ठाऊक झालंय, कारण एकदा मी स्वतः कापला गेलो.

मराठी स्टँडअप आमच्या पिढीला मिळालं ते यूट्यूबमुळे. २०१६ मध्ये भाडिपा सुरू झालं, सारंग साठ्ये आणि मंडळींनी मराठी मुलामुलींना माइकसमोर उभं केलं. पहिल्यांदाच आपल्या वयाचं कोणीतरी, कथाकथनाच्या सुरात नाही तर कट्ट्यावरच्या मराठीत, स्वतःच्या आईवर, ब्रेकअपवर, नोकरीवर बोलत होतं. मला त्याचं अप्रूप आजही आहे. 'पु. लं.नंतर कोणी नाही' म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, चार लाइव्ह शो बघा, त्यातले अडीच फसतील, पण उरलेल्या दीडमध्ये तुम्हाला तुमची मराठी ऐकू येईल. लॉकडाउनमध्ये हेच लोक झूमवर शो करत होते. सगळे म्यूट, विनोदवीर काळ्या चौकोनांशी बोलतोय. कोणी अनम्यूट केलं तर हसू दोन सेकंद उशिरा यायचं, पुढच्या वाक्यावर आदळायचं. लेटन्सीने विनोद कसा मरतो ते मी तेव्हा याचि डोळा पाहिलं. त्यामुळे हॉल उघडल्यावर मी पहिल्या फटक्यात तिकीट काढलं.

अशाच एका शोला पुण्यात गेलो होतो. कोणाचा ते सांगत नाही. रेकॉर्डिंग होतं. सुरुवातीला एकाने येऊन सांगितलं, फोन बंद ठेवा, मोकळेपणाने हसा, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत तिथे सरका. मी सरकलो, इथेच चुकलं. विनोदवीराने माझ्याकडे बोट केलं.

"कुठून आलास?"

"बिरवाडी."

"कुठली वाडी?"

"बिरवाडी. महाडजवळ."

"अच्छा! पूर आला की टीव्हीवर येता ते तुम्ही!"

हॉल फुटला. मीही हसलो. खोटं नाही, मनापासून. जोक चांगला होता; बेसावध गाठणारा, शिवाय खरा. बाकी वर्षभर महाडकडे कोणाचा कॅमेरा वळतो?

पण ते तिथे संपलं नाही. त्याने विचारलं, तुमच्या घरी पाणी आलं होतं का? मी म्हटलं, आत्याकडे आलं होतं. काय गेलं? माझ्या तोंडून निघून गेलं: पु. लं.च्या कॅसेटी. आणि हॉल गप्प झाला. दोनशे माणसं एकदम. विनोदवीरही थांबला. त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्याच्याकडे पुढचं वाक्य नाहीये. त्याने पाणी प्यायलं. मग म्हणाला की त्याच्या आजोबांकडेही त्या होत्या, आणि आजोबा गेल्यावर टेपरेकॉर्डरमध्ये एक अर्धी ऐकलेली अडकलेली सापडली. मग तिथून तो हळूहळू, चाचपडत परत हशाकडे आला. मी पाहिलेल्या सगळ्या स्टँडअपमधली ती सर्वोत्तम चार-पाच मिनिटं होती. कारण त्याने ती लिहिलेली नव्हती.

व्हिडिओ आला. त्यात मी आहे. बिरवाडी, कुठली वाडी, टीव्हीवर येता ते तुम्ही, हॉल फुटतो, माझा हसणारा चेहरा, कट. पुढे एकदम डेटिंग ॲपचा विषय. कॅसेटी नाहीत, आजोबा नाहीत, ती शांतता नाही. तांत्रिकदृष्ट्या मी समजू शकतो. असे व्हिडिओ अनेकदा दोन शो शूट करून जोडतात, ढिली जागा काढतात, आणि शांतता एडिटरच्या टाइमलाइनवर सपाट रेघ दिसते. सपाट रेघ दिसली की हात आपोआप कात्रीकडे जातो. मीही तेच केलं असतं.

क्लिप फॅमिली ग्रुपवर पोचली. काकांनी हसणारे चेहरे टाकले. आत्याने अंगठा. बाबांनी काही टाकलं नाही. रविवारी फोनवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "तू का हसलास?"

रागाने नाही. खरंच माहिती हवी होती त्यांना. मी म्हटलं, बाबा, पुढे अजून होतं, ते कापलं. "हां, पण हसलास तो तूच ना," ते म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री पडवीत 'म्हैस' ऐकताना जो हशा आमच्याकडून आला नाही, तो मी पुण्यात जाऊन देऊन आलो होतो, आणि आता तो कायमचा तिथे आहे. कोणी नवीन मुलगा ती क्लिप बघेल आणि इथे हसायचं असतं हे माझ्याकडून शिकेल.

रेकॉर्डिंगने विनोदाची खोली बदलते, आणि कधीकधी त्याची किंमत माझ्या लाजेपेक्षा खूप मोठी असते. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या 'नया भारत'चं उदाहरण ताजं आहे. उपमुख्यमंत्र्यांवरचं ते विडंबन ज्या प्रेक्षकांसमोर झालं ते हसून घरी गेले होते. व्हिडिओ आला आणि मग शिवसेनेचे कार्यकर्ते खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत घुसले, खुर्च्या मोडल्या, आणि कित्येक नवोदितांनी जिथे पहिल्यांदा माइक धरला ती जागा बंद ठेवायची वेळ आली. शब्द तेच, ऐकणारे बदलले. तोडफोडीला माझ्याकडे कुठलंच समर्थन नाही. पण 'खोलीत चाललं म्हणजे बाहेर चालेल' हे गृहीत धरणारा फॅन मला भाबडा वाटतो, आणि 'बाहेर चालणार नाही ते खोलीतही बोलू नये' म्हणणारा त्याहून धोकादायक.

आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलेला होता. महाड-पोलादपूरकडे गणपतीत जाखडी होते, शक्ती-तुऱ्याचा सामना. दोन बाजू, दोन शाहीर, ढोलकी, पोरं पायात चाळ बांधून गोल नाचतात आणि रात्र चढत जाते तसे सवाल-जवाब एकमेकांच्या अंगावर येतात. मुंबईतल्या चाकरमान्यांनी हेच सामने परळच्या दामोदर नाट्यगृहापर्यंत नेले. शाहीर समोरच्यांना धुतो, कोणाच्या नव्या बंगल्यावर, कोणाच्या मोडलेल्या सोयरिकीवर बोट ठेवतो. ज्याच्यावर बोललं जातं तो तिथेच बसलेला असतो. त्याला उठून जाता येतं, हसता येतं, पुढच्या वर्षी उलट कवन घालता येतं. आता हे सामनेही मोबाइलवर निघतात. पुण्यातल्या मित्राला एकदा दाखवलं. म्हणाला, लय भारी ऊर्जा आहे, पण हसतायत कशाला कळत नाही. बरोबर. त्याला कळण्यासाठी ते केलेलंच नाही.

गेल्या गणपतीत बाबांनी त्यांच्या फोनवर एक सामना रेकॉर्ड केला आणि मला पाठवला. 'आवाज साफ करून दे' म्हणाले. पाऊस, जनरेटर, फुटलेला स्पीकर. मी लॅपटॉपवर घेतलं, आवाज गाळणारं एक टूल चालवलं. छान निघालं. शाहिराचा शब्द न शब्द कळत होता. ऐकताना काहीतरी चुकतंय वाटलं म्हणून मूळ फाइल शेजारी लावली. मूळ फाइलमध्ये फोन हातात धरलेले बाबा हसत होते. माइकच्या सगळ्यात जवळ, शाहिरापेक्षा मोठ्याने, मध्येच 'अरे बाप रे' म्हणत. टूलने ते सगळं पावसाबरोबर काढून टाकलं होतं.

साफ केलेली फाइल मी बाबांना पाठवली. त्यांनी ती स्टेटसला ठेवली. मूळ माझ्याकडे आहे.